पाल्याचा चढ

आमच्या घरी गाडी आली तेव्हा मायनं तिची पूजा मांडली खरी, पण नारळ फोडायच्या वेळी गाडी पुढं सरकली आणि माय मागं. माझा मोठा भाऊ आत स्टिअरिंगच्या चाकावर बसला होता. त्यानं चाकाखालची दांडी ओढली, ब्रेकवरचा पाय उचलला आणि ती काळी, म्हशीच्या अंगाची अमेरिकन गाडी कोणी न हाकलता आपली आपण चालू लागली. बैल चरायला निघतो तशी, हळू. माय ओरडली, "अगा, धर तिले! कोन हाकलून राह्यलं तिले?" भाऊ हसत म्हणाला, "माय, हिले क्लच नाई. इंजिन चालू असलं अन् दांडी पाडली का ही चालतेच. उभी करायची असन तं धरून ठेवा लागते." मायला ते मुळीच पटलं नाही. हाकल्यावाचून चालणारं जनावर तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिनं नारळ दुरूनच चाकाखाली ढकलला, कुंकू माझ्या हाती दिलं आणि "तू लाव व, तुह्यावर काही बसत नाई," म्हणून घरात निघून गेली. घरातल्या भुताखेतांच्या हिशेबात माझी किंमत काय होती, ते मला त्या दिवशी समजलं.

आमचं घर म्हणजे मूल गावाच्या पलीकडल्या जंगलात, लाकडाच्या डेपोला चिकटून बांधलेल्या चार खोल्या. वडील लवकर गेले. सागवानाचा ठेका भाऊच्या गळ्यात पडला आणि त्यानं तो ओढला. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि चांद्याला जायचं म्हणजे बैलगाडीनं सूर्य उगवायच्या आधी निघून सूर्य बुडाल्यावर पोचायचं. दिवसभर अंगणापलीकडे आराकसांची करवत चाले. एक माणूस ओंडक्यावर, एक खाली खड्ड्यात, आणि मध्ये तो एकसुरी खर्र-खर्र आवाज. आम्हाला तो इतका सवयीचा झाला होता की ऐकूच येत नसे. ऐकू यायचं ते भर दुपारी, करवत थांबली की. आराकस सावलीला भाकर सोडत, पाखरं गप्प होत आणि सागाच्या मोठ्या पानावर दुसरं पान पडलं तरी कोणी अंगणात आल्यासारखं वाटे. रात्रीची भीती मला कधी वाटली नाही. रात्री कंदील असे, माय असे. मी भ्यायची ती दुपारला, आणि आज इतकी म्हातारी झाले तरी दुपारी एकटीनं घरात बसायचं झालं तर रेडिओ लावून ठेवते.

वहिनी आरमोरीची. तिच्या येण्याआधी आमच्याकडे जेवण म्हणजे भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि जवसाची चटणी. माय तेवढ्यात खूश असे. वहिनीनं येताना माहेराहून शेवग्याचा दांडा आणला आणि मागच्या परसात रोवला. माय म्हणाली, "घराजवळ शेवगा नाई लावत बाई, त्याच्यावर नको ते येऊन बसते." वहिनी म्हणाली, "येऊ द्या ना आत्याबाई, शेंगा खाऊन जाईन." अशी ती होती. बेसन लावून शेंगा करायची, तर भाऊ ताटाशेजारी चोखलेल्या शेंगांचा ढीग लावी. ती कांडताना गाणी म्हणे, माझ्या वेण्या घालताना मला चिडवी, आणि चांद्याच्या बाजारातल्या बायकांची नक्कल करून मायलासुद्धा हसवी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जी वहिनी येणार आहे ती वेगळी आहे.

तिचं पहिलं बाळंतपण अडलं. गावची सुईण हात टेकून म्हणाली, चांद्याच्या दवाखान्यात न्या. बैलगाडीत गवत अंथरलं, वर गोधडी टाकली. भाऊ हाकायला, माय आणि मी वहिनीजवळ. जंगल मध्यावर आलं की रस्त्याला एक लांब चढ लागतो. उंच म्हणावा असा नाही, पण लांब, दोन्हीकडून बांबू झुकलेला. त्या चढाच्या मध्यावर आमचा डावा बैल बसला. भाऊनं शेपटी पिरगाळली, पुराणी टोचली, शेवटी हात जोडले. बैल उठला नाही. अशा भर दुपारी, बसलेल्या बैलाच्या मागं, उभ्या गाडीत वहिनीला मुलगा झाला. तो रडला नाही. मायनं त्याला उलटा धरला, पाठीवर मारलं, तोंडात फुंकलं. मी त्याच्या तळपायाकडे बघत होते, ते हलतील म्हणून. वहिनी विचारत होती, "काऊन रडत नाई व तो?"

तिचं रक्त थांबेना, तिला पुढं नेणं भाग होतं. लेकराला घरी परत न्यायला वेळ नव्हता. भाऊनं चढाच्या कडेला, एका मोहाच्या बुडाशी, गाडीतल्या कुऱ्हाडीनं आणि हातांनी माती उकरली. वर दगड ठेवले, आणि कोल्ह्यानं उकरू नये म्हणून बोरीच्या काटेरी फांद्या टाकल्या. तो परत येऊन जुवाला हात लावतो न लावतो तोच बैल उठला. आपला आपण, अंग झाडून, काही झालंच नाही असा. मायनं ते पाहिलं, मी पाहिलं आणि वहिनीनंही पाहिलं.

आमच्या झाडीपट्टीत एक रीत आहे. जंगलात वाटेवर कोणी अकाली गेलं, वाघानं नेलं, झाड पडून मेलं, तर त्या जागी जाणारा-येणारा एक हिरवी डहाळी टाकून पुढं जातो. कोणासाठी ते विचारत नाहीत. आधीचा पाला दिसला की आपलाही टाकायचा, एवढंच. भाऊच्या त्या काटेरी फांद्या बघून कोण्या गाडीवानानं वर हिरवी डहाळी टाकली असेल, त्याच्या मागच्यानंही टाकली. वहिनी दवाखान्यातून जगून परत आली तोवर तिथं गुडघ्याएवढा ढीग झाला होता आणि लोक त्या जागेला पाल्याचा चढ म्हणायला लागले होते. आम्ही घरातले मात्र त्याला नुसतं "तिथी", म्हणजे तिथं, म्हणत असू.

गाडी भाऊनं त्यासाठी घेतली. कोळशाच्या खाणीवरचा एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता, त्याची ही गाडी. माय म्हणाली, एवढ्यात तं दोन चांगल्या बैलजोड्या आल्या असत्या. भाऊ म्हणाला, "बैल बसते, माय."

मग दर बाजाराला आम्ही चांद्याला गाडीनं जाऊ लागलो. आणि दर वेळी तिथी थांबू लागलो. वहिनी गाडीतून उतरे, डहाळी तोडे, ढिगावर ठेवे आणि उभी राही. पण गाडी बंद करायची नाही, हा तिचा हुकूम होता. "इथी बसलं ते उठत नाई. बसू नका देऊ तिले." भाऊनंही ते मानलं. बैलजोडी चढावर दम खायला थांबवली तर हुशार गाडीवान जू ढिलं सोडत नाही, बैलांना ओढीतच उभं ठेवतो, म्हणजे ते बसायचं मनात आणत नाहीत. भाऊनं गाडीला तोच न्याय लावला. ब्रेक नाही, काही नाही. दांडी पाडलेली, पाय रेसवर, आणि गाडी चढावर ना पुढं ना मागं अशी तोलून धरलेली, इंजिन घुमतंय. वहिनीचं होईपर्यंत. कधी ते लवकर होई, कधी होत नसे. मी मागच्या सीटवर बसून तिच्या पाठीकडे बघत राही. पायाखालचा पत्रा हळूहळू तापे आणि चपलेतून जाणवे. करपलेल्या गोडसर तेलाचा वास येई. मला वाटे, जागेचाच तो वास आहे.

उन्हाळा लागता लागता गाडी दमायला लागली. इंजिन ओरडे पण अंग हलत नसे. सपाटीवर कशीबशी चाले, पण तिथं थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की तिचं अवसानच जाई. भाऊ रेस दाबी, आवाज वर वर चढे, आणि गाडी जागच्या जागी थरथरत उभी. मागून कोणीतरी धरल्यासारखी. मग हळूच सुटे. एकदा तर सुटायच्याऐवजी मागं घसरली, ढिगाच्या दिशेनं. वहिनीनं मागं वळून काचेतून पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, घरात कोण आलं ते सांगावं तशी म्हणाली, "तो मागून धरते." भाऊनं विचारलं, "कोन?" ती म्हणाली, "कोन म्हंजे? लेकराचा हात केवढा असते, पण धरलं तं सोडत नाई." मी मागं बघितलं नाही. घरी येईपर्यंत मी मागं बघितलं नाही.

वहिनीला पुन्हा दिवस गेले होते. ते कळलं तेव्हा आनंद म्हणावा असा कोणाला झालाच नाही. माय देवापाशी जास्त वेळ बसू लागली. वहिनी कांडताना गात नसे. चांद्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या खेपेला कळा सुरू होताच इथं आणा, उशीर झाला तर मी जबाबदार नाही. म्हणजे सगळा भार आला गाडीवर. आणि गाडी दर बाजाराला त्या चढावर थोडी जास्त जड होत होती.

भाऊनं चांद्याहून गफूर मिस्त्रीला बोलावलं. ट्रकांचा मिस्त्री, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. गाडीभोवती फिरून म्हणाला, "भाऊ, हे काय आहे? खिलौना! दोपहरपर्यंत उडवून दाखवतो." त्यानं प्लग साफ केले, कार्बोरेटर उघडून धुतला, काहीच झालं नाही. मग त्यानं गालिचा उचलला, खालची तेल मोजायची पट्टी काढून पाहिली आणि तेल कमी आहे म्हणून ट्रकाच्या गिअरबॉक्सचं जाड, काकवीसारखं तेल वरून ओतलं. गाडी आधी दमलेली होती, आता आजारीच पडली. अंगणाच्या दारापर्यंत जायला तिनं एवढा वेळ लावला की आमची कोंबडी तिच्यापुढून निवांत चालत गेली. माय ओसरीवरून म्हणाली, "उडाली व बाई, उडाली." मिस्त्रीनं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ये गाडी की बात अलग आहे. नागपूरले विचारून येतो." आम्हाला वाटलं, तो गेला तो गेलाच. पण तो आला. गोणपाटात बांधलेले तेलाचे डबे खांद्यावर घेऊन, चुकलो असं एका शब्दानं न म्हणता, उलट नागपूरच्या लोकांना आपण काय काय शिकवलं ते सांगत आला.

त्या दिवशी करवत बंद होती. आराकस गाडीखाली बघायला वाकून बसले होते. मिस्त्रीनं गाडी चांगली तापवली, जाडजूड सागाच्या ठोकळ्यांवर चढवली, खाली घंगाळ सरकवलं आणि पान्यानं नट सोडला. मला वाटलं होतं तेल येईल. जे आलं ते काळं होतं, जळक्या रक्ताच्या वासाचं, आणि त्यात भुशासारखे बारीक कण होते. घंगाळात ते पसरलं, तर कुत्रा हुंगायला आला आणि शेपूट आत घालून मागं गेला. मिस्त्रीनं नवा डबा फोडला. ते तेल पातळ आणि लालबुंद होतं. माय म्हणाली, "हे काय रगत पाजता का तिले?" मिस्त्री म्हणाला, "बाई, हिचा जीवच तेलात आहे. इंजिन अन् चाकं, यांची एकमेकांसंगं गाठच नाई." कोणाला काही समजलं नाही, तेव्हा त्यानं पाण्याची बादली मागितली. तिच्यात कडुनिंबाचं एक पान टाकलं, आणि कडेला पळी घालून पाणी ढवळलं. पळी पानाला शिवली नाही, पण पान फिरायला लागलं. "ही पळी इंजिन. हे पान चाक. मध्ये फक्त तेल. हात न लावता फिरवते. तेल चांगलं तं फिरवते, तेल जळलं तं पळी कितीबी फिरवा, पान जागच्या जागी."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोट एवढं पुढं आलेलं, एक हात कमरेवर. ती त्या पानाकडे बघत होती. मिस्त्रीनं पळी काढली तरी पान फिरतच होतं, आणि ते थांबेपर्यंत ती बघत राहिली. हात न लावता फिरवणाऱ्या गोष्टी तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होत्या.

मिस्त्रीनं घंगाळातलं काळं तेल बोटांत चोळलं, वास घेतला आणि भाऊला विचारलं, "भाऊ, हे आपसे आप नाई जळलं. चढावर उभी करता तं कशी करता?" भाऊनं घंगाळाकडे पाहिलं. मला वाटतं, त्याला त्याच क्षणी समजलं. मग मीच बोलले. तिथं थांबतो, ब्रेक लावत नाही, बंद करत नाही, रेसवर धरून ठेवतो, वहिनी येईपर्यंत. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! इकडून इंजिन फिरवून राह्यलं, तिकडून चाक अडवलं, मधातलं तेल उकळून राह्यलं! ते जाळलं तुम्ही, भाऊ. त्या चढावर जाळलं. आता नवं टाकलं, पण लक्षात ठेवा, बाईले घेऊन जाल त्या दिवशी तिथी थांबायचं नाई. थांबले, तापवली, तं मंग चांदा दिसणार नाई."

म्हणजे गाडीला मागून कोणी धरत नव्हतं. आम्हीच धरत होतो. ज्याच्यासाठी थांबत होतो, त्याच्यासाठी थांबण्यानंच गाडी मरत होती. आणि आता येणाऱ्याला वाचवायचं असेल तर गेलेल्याला न बघता पुढं जायचं होतं. मी वहिनीकडे बघितलं. ती आत निघून गेली होती, आणि चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला. मला तिचा इतका कळवळा आला की मिस्त्रीची मिशी उपटावी असं वाटलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या शेवग्याची एक मोठी फांदी तोडलेली दिसली. वहिनीनं ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवली होती. माय म्हणाली, "हे काय वं?" वहिनी म्हणाली, "राहू द्या." रोज ती पाणी बदले. काही दिवसांनी फांदीला बारीक पालवी फुटली. तांब्याच्या पाण्यात फुटलेली ती कोवळी पानं मला बघवत नसत. मी जेवायला तिच्याकडे पाठ करून बसत असे.

कळा सुरू झाल्या त्या दुपार व्हायच्या थोडं आधी, परतीच्या पावसाची एक सर पडून गेल्यावर. भाऊ चाकावर, त्याच्या शेजारी माय, मागं वहिनी आणि मी. तिनं फांदी माझ्या हातात दिली आणि मला खिडकीजवळ बसवलं. "गाडी थांबणार नाई ना, तं तू टाक. हळू टाकजो." गाडी निघाली आणि काय निघाली! पहिल्या रेसेलाच तिनं अंग पुढं टाकलं. ओल्या मुरुमाच्या रस्त्यावर ती अशी धावत होती की मायनं डोळे मिटून घेतले. भाऊच्या मानेवर घाम आला होता. वहिनीच्या कळा वाढत होत्या. माझा हात तिच्या हातात होता आणि त्याचं हाड न् हाड दुखत होतं.

बांबू झुकलेला दिसला, चढ सुरू झाला, आणि वहिनी एकदम गप्प झाली. कळ थांबली असावी, की तिनं थांबवली, मला माहीत नाही. ती उठून बसली. भर दुपार झाली होती. पाखराचा आवाज नाही, पानावरून थेंब पडल्याचा आवाज नाही, फक्त इंजिन. मोह दिसला. ढीग दिसला, आता कमरेएवढा, वरचा पाला ताजा. भाऊनं तिकडे बघितलं नाही. त्याचे हात चाकावर पांढरे पडले होते. आणि नेमकं त्या जागी गाडीचा जोर गेला. आवाज एकदम वर चढला, तोच जुना, पोकळ आवाज, आणि अंग हललं नाही. माय पुटपुटायला लागली. वहिनीनं मागच्या काचेकडे तोंड केलं.

"सोड बाप्पा," ती म्हणाली. "आज नाई थांबत मी. येतो ना मी, मागून येतो. सोड."

मी फांदी फेकली. कुठं पडली ते बघितलं नाही. गाडीला एक हिसका बसला आणि तिनं चढ असा घेतला की वहिनी माझ्या अंगावर कोलमडली. माथ्यावर आलो तेव्हा मागच्या सीटवर रडत होती ती मी. वहिनीचे डोळे कोरडे होते.

त्याला कारण आहे, ते मला आता माहीत आहे. अशा गाड्या चढावर आपल्या आपण गिअर बदलतात, आणि बदलताना क्षणभर इंजिन मोकळं सुटतं. माझ्या नवऱ्याकडच्या एका इंजिनिअर भाच्यानं मला ते कागदावर आकृती काढून समजावलं. मी मान डोलावली. आकृती बरोबर होती.

संध्याकाळी चांद्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. रडली. एवढी रडली की माय म्हणाली, दोघांचं रडणं हिनंच रडून घेतलं. परत येताना भाऊनं गाडी चढाच्या माथ्यावर, सपाटीला नेऊन उभी केली, इंजिन बंद केलं, दगड लावला. आम्ही चालत खाली गेलो. वहिनी पोरीला पदराखाली घेऊन पुढं. ढिगाच्या अगदी मधोमध ती शेवग्याची फांदी उभी होती. पडलेली नाही, उभी, रोवल्यासारखी. गाडीतून मी डोळे मिटून फेकलेली. भाऊ म्हणाला, "कोन्या गाडीवानानं उचलून रोवली असन." असेलही. मग वहिनीनं आम्हा तिघांना शपथ घातली, की पोरीला यातलं काही सांगायचं नाही, कधीच नाही. "तिले मोकळं जाऊ द्या इथून."

आम्ही शब्द पाळला. शेवगा तिथं मोठा झाला. भर जंगलात एकटा शेवगा, शेंगांनी लदलेला, आणि लोक नवल करत. वहिनीनं त्याची शेंग कधी घरात येऊ दिली नाही. भाऊ गेला, माय गेली, वहिनीही गेली. रस्ता रुंद झाला, डांबर आलं. रुंदीकरणात मोह गेला, शेवगा गेला. पाल्याचा ढीग तर कधीच मातीला मिळाला. चढ कापून एवढा सोपा केला की चढ आहे हे सांगावं लागतं. ती मुलगी आता आजी झाली आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिनं मला मूलहून चंद्रपूरला नेलं. नवी गाडी, तिलाही क्लच नाही. मला हसू आलं. आम्ही बोलत होतो, तिच्या नातवाच्या शाळेविषयी. बांबूचं जंगल लागलं, दुपार झाली होती. आणि तिनं अचानक गाडी कडेला घेतली, थांबवली, बंद केली. मी बाहेर बघितलं. मोह नाही, शेवगा नाही, काहीच खूण नाही. पण मी ती जागा डोळे बांधूनही ओळखली असती.

"काऊन थांबलीस?" मी विचारलं.

ती थोडी ओशाळली. "काही नाई आत्या. नेहमी थांबतो मी इथी. गाडी जड होते. मागून कोणी धरल्यासारखी. मेकॅनिकले दाखवली, तो म्हणते काहीच नाई."

"ऑइल बदललं होतं?"

"मागच्याच महिन्यात."

मी दार उघडलं. गुडघे दुखत होते, तरी उतरले. कडेच्या पळसाची एक डहाळी ओढली. ती तुटेना, म्हणून तिनं येऊन हात लावला, आणि आम्ही दोघींनी मिळून ती तोडली. रस्त्याच्या कडेला, जिथं असायला हवं होतं तिथं, मी ती ठेवली. ती बघत होती.

"कोणासाठी आत्या?"

वहिनीची शपथ मला आठवत होती. पण इतकी वर्षं जो आपल्या बहिणीची गाडी धरून थांबवत होता, त्याच्या बाजूनं कोणीतरी बोलायला हवं होतं.

"तुह्या मोठ्या भावासाठी," मी म्हणाले.